आठ पायांचा हत्ती

गुलालात दोन सरळ रेघा उमटल्या होत्या. हत्तीच्या पावलाचा ठसा एकही नव्हता.

मी पुन्हा वाकून पाहिलं. गल्लीच्या मंडळाचा हत्ती नुकताच स्पर्धेच्या परीक्षकांसमोरून गेला होता. लोक अजून टाळ्या वाजवत होते आणि मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव डाके माइकवर ओरडत होते, "इचलकरंजीत आजवर हलणारे हत्ती पुष्कळ झाले, चालणारा हा पहिलाच!" आणि माझ्यासमोर, रस्त्यावर पसरलेल्या गुलालात, बैलगाडी गेल्यावर पडाव्यात तशा दोन रेघा.

त्या हत्तीला चाक नव्हतं. असायचं कारणच नव्हतं. त्याचा नकाशा मी काढला होता.

"आप्पा, हे बघितलंत?" शेजारी उभ्या असलेल्या आप्पा मगदूमांना मी विचारलं. हत्ती मी कागदावर काढला आणि आप्पांनी लोखंडात उतरवला, म्हणजे तो आमच्या दोघांचा.

आप्पांनी रेघा पाहिल्या. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"चल पोरी," ते म्हणाले, "ढाल देत्यात बघ."

पहिल्या क्रमांकाची चांदीच्या मुलाम्याची ढाल उत्तमरावांनी डोक्यावर धरून नाचवली. मी नाचले नाही. माझं अंग रागानं तापलं होतं.

ही १९८३ सालची गोष्ट. मी शैला हावळ, तेव्हा बावीस वर्षांची होते आणि उत्तमरावांच्याच कारखान्यात ट्रेसर होते. कारखान्यात यंत्रमागाचे सुटे भाग तयार होत. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवून तोच नकाशा शाईनं उतरवणारा माणूस. हात चालवायचा, डोकं नाही. चुकलं तर अर्ध्या ब्लेडनं शाई हलकेच खरवडायची, अशी की कागद दुखावू नये. हेच आमचं मोठं कसब. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात चार चौकोन असत: आराखडा, ट्रेसिंग, तपासणी, मंजुरी. तीन वर्षं माझं नाव दुसऱ्या चौकोनातून हललं नव्हतं. ऑफिसात ड्रॉइंग बोर्ड दोन होते. एकावर गोगटे नावाचे गृहस्थ आराखडे काढत. दुसरा मोकळा होता आणि त्यावर मालकांच्या डब्याचं फडकं वाळत असे.

त्या वर्षी श्रावणात मंडळाची बैठक ऑफिसातच भरली. यंदा हलत्या देखाव्यात हत्ती करायचा ठरला. पुढे ट्रॉली, ट्रॉलीवर हत्ती, आणि त्याचे चारी पाय हवेत मागेपुढे. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळाचा असला हत्ती असायचाच. मी कोपऱ्यात शाई भरत बसले होते. मला राहवलं नाही.

"त्याला चालणं म्हणत नाहीत," मी म्हटलं. "त्याला ओढतात आणि पाय हलवून लोकांना फसवतात."

अकरा माणसं माझ्याकडे वळली.

"असं?" उत्तमराव हसले. "मग हावळबाई, तुम्हीच चालवून दाखवा की."

"दाखवते. चालला तर तो बोर्ड मला द्याल?"

बैठकीत हशा पिकला. उत्तमरावांनी बोर्डावरच्या फडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चाळीस पावलं चालला पाहिजे. एक कमी चालणार नाही. चालला तर बोर्ड तुमचा. सगळे साक्षीला आहेत!"

बोर्ड मिळणं म्हणजे काय, हे तिथं फक्त मला आणि गोगट्यांना कळत होतं. बोर्ड मिळाला की नाव पहिल्या चौकोनात.

घरी मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापल्या. टाचण्यांनी एकमेकींना जोडल्या, पाटावर ठोकल्या. एक पट्टी गोल फिरवायची, बाकीच्या तिच्यामागोमाग हलतात, आणि शेवटच्या पट्टीच्या टोकाला, म्हणजे पावलाच्या जागी, भोकात पेन्सिल खुपसायची. पेन्सिल जी रेघ काढेल ती त्या पायाची चाल. चालायचं तर रेघ खाली अगदी सरळ हवी आणि परतताना वर कमान हवी. खालची रेघ पोटासारखी सुटली तर हत्ती प्रत्येक पावलाला उचक्या देणार. पहिल्या आठवड्यात माझी रेघ अंड्यासारखी यायची. दुसऱ्या आठवड्यात बटाट्यासारखी. आई म्हणाली, "लग्नपत्रिका जपून ठेवायच्या असतात गं, कापायच्या नसतात."

शेजारचे आप्पा मगदूम जॉबर होते, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारे. साठीला आलेले. एके संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले आणि बराच वेळ माझ्या पट्ट्या बघत बसले.

"ही तिसरी पट्टी दोन सूत कमी कर," ते म्हणाले. "मागात धोट्याला मारणारा दांडका असतो, त्येचं बी असंच गणित."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी दोन सूत कमी केलं. खालची रेघ सरळ आली. मी ओरडलेच. आप्पा गालात हसले आणि त्या दिवसापासून हत्ती आमच्या दोघांचा झाला.

चार पायांवर तो पडला असता, कारण पाय उचलला की तोल जाणार. म्हणून मी आठ पाय केले. बाहेरून दिसणारे चार, आणि झुलीच्या आत काळे रंगवलेले आणखी चार. चार उचललेले असताना चार जमिनीवर. पाऊल दीड फुटाचं. पुढच्या आणि मागच्या पायांत बरोबर तीन पावलांचं अंतर, म्हणजे मागचा पाय पुढच्याच्याच ठशावर पडणार. खरा हत्तीही तसाच चालतो. आत कडबाकुट्टीचं मोठं चाक बसवलं. दोन माणसांनी ते फिरवायचं की दातेरी चाकांतून सगळे पाय हलणार. आप्पांनी लोखंडी पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, जोडल्या. त्यांची एक सवय होती. खिशात कायम सुताची एक कांडी असायची. नट आवळण्याआधी ते बोल्टवर सुताचे सात वेढे घालून, तुटलेला धागा जोडताना विणकर मारतो तशी बारीक गाठ मारायचे. बाकीचे फिटर वॉशर घालत. आप्पा म्हणायचे, "माग मिनिटाला शंभरदा हादरतो. सूत घातलं की नट जागा सोडत न्हाई."

पक्का नकाशा मी शाईनं काढला. पहिल्या चौकोनात, आयुष्यात पहिल्यांदा, माझं नाव लिहिलं. तपासणीच्या चौकोनात आप्पांनी सही करावी असं मी म्हटलं. त्यांनी चष्मा लावून तासभर एकेक पट्टी बोटानं तपासली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत सही केली: ने. आ. मगदूम. नेमगोंडा आप्पा मगदूम. मला वाटलं, जग जिंकलं.

कारखान्याच्या शेडमध्ये हत्ती बारा पावलं चालला. तेराव्याला भिंत आली.

आणि आता ह्या रेघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात शिरले ती थेट मालकांच्या टेबलापाशी. त्यांच्यासमोर वर्तमानपत्र होतं. पहिल्या पानावर त्यांचा, ढालीचा आणि हत्तीचा फोटो. खाली छापलं होतं: उत्तमराव डाके यांच्या कल्पनेतून साकारलेला चालणारा हत्ती. माझं नाव नव्हतं. ते मी गिळलं असतं.

"हत्तीला चाकं कुणी लावली?"

"बसा, हावळबाई."

"कुणी लावली?"

"लावली कुणीतरी. परीक्षकांपुढं तोंडावर पडला असता तर मंडळाची अब्रू गेली असती. एवढ्या-एवढ्या चाकांनी काय बिघडलं? ढाल मिळाली ना?"

"पाय जमिनीला टेकतच नव्हते. आतली माणसं ढकलत होती."

"लोकांना दिसलं का?"

"मला दिसलं."

ते हसले. मी दात आवळून विचारलं, "बरं. ढाल मिळाली. मग बोर्ड?"

तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची शांतपणे घडी घातली. आज एवढ्या वर्षांनीही ती घडी आठवली की माझ्या मुठी वळतात.

"बोर्ड कसला?" ते म्हणाले. "पैज चालायची होती. तो चाळीस पावलं चालला कुठं? तो तर चाकांवर गेला."

गावाला सांगायचं चालला, आणि मला सांगायचं चालला नाही! एकाच हत्तीवर दोन्हीकडून जिंकायचं. बरं, बोलताना माणूस लाजत नव्हता, उलट स्वतःच्या हुशारीवर खूश होता. गोगटे खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होते. टोक झालेलं होतं, तरी करत होते.

"मला किल्ली द्या," मी म्हटलं. "चाकं काढते आणि आत्ता चालवून दाखवते."

"हत्ती गोदामात आहे. किल्ली माझ्याकडं आहे. विसर्जनाला तो तसाच जाईल. कामाला लागा."

संध्याकाळी मी आप्पांपुढे आग ओकले. मालकाचा टर्नर असेल, नाहीतर वेल्डर असेल, कुणी लावली ती चाकं शोधून काढते, म्हटलं. आप्पा ओट्यावर बसून कांडीवरचं सूत उलगडत होते आणि परत गुंडाळत होते.

"जाऊ दे पोरी," ते म्हणाले. "मालकाशी वैर बरं न्हवं."

"आप्पा, तुमचीही सही आहे त्या नकाशावर. तुम्हाला राग येत नाही?"

त्यांनी कांडी खिशात घातली. म्हातारा माणूस आहे, घाबरला असेल, असं मला वाटलं.

अनंत चतुर्दशीला दुपारी दोनच्या सुमाराला मिरवणूक बाजाराच्या रस्त्याला लागली. पुढे आमचा हत्ती, मागे ट्रॅक्टरवर गणपती, त्यामागे ओळीनं बाकीची मंडळं. हत्ती गुळगुळीत चालीनं चालला होता आणि लोक तोंडात बोटं घालत होते. मी बाजूनं चालत होते.

बाजाराच्या तोंडाशी पाण्याच्या नळासाठी रस्ता आडवा खणलेला होता. वीतभर रुंद चर, वरवर मातीनं बुजवलेला, पावसानं भुसभुशीत झालेला. हत्तीची पुढची दोन्ही चाकं त्यात गेली आणि आसापर्यंत रुतली.

पहारी घालून ती मागे काढली. पुन्हा पुढे ढकलली, पुन्हा रुतली. फळी टाकली, फळी मोडली. साडेसहाशे किलोचं धूड उचलून पलीकडे ठेवणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. मागची ढोलपथकं थांबली, मग ओरडायला लागली. हवालदार शिट्टी फुंकत आला.

"ओ अध्यक्ष, हलवा हे जनावर! साऱ्या गावाची मिरवणूक तटलीय!"

उत्तमरावांच्या गुलालानं माखलेल्या चेहऱ्यावरून घामाचे ओघळ वाहत होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"हावळबाई, काहीतरी करा."

"चाकं काढा," मी म्हटलं. "चर वीतभर आहे. त्याचं पाऊल दीड फुटाचं आहे."

"पडला म्हणजे?"

"पडला तर माझा पडेल. चालला तर बोर्ड. हवालदारसाहेब, तुम्ही साक्षीला."

हवालदाराला बोर्ड काय आणि कशाचा ते ठाऊक नव्हतं. "द्या वो तिला काय पायजे ते!" तो खेकसला.

"दिला, दिला!" उत्तमराव म्हणाले.

मी आप्पांकडे हात केला. त्यांच्या खिशात पाना असायचाच. आप्पांनी पाना काढला, पण दिला नाही.

"तू हो बाजूला. मी काढतो," ते म्हणाले.

"मी काढणार."

"चिखल हाय पोरी. मी काढतो म्हंतो ना."

एवढ्या वादाला वेळ नव्हता. मी ट्रॅक्टरवाल्याच्या पेटीतला पाना उचलला, पदर खोचला आणि झूल वर करून आत शिरले. बाहेर पोरांनी पहारीनं एक बाजू उचलून खाली ठोकळे सारले. चार चाकं, एकेकाला चार नट. पहिला नट जाम बसला होता. सगळी ताकद लावली तेव्हा फिरला, आणि निघता निघता त्याच्याबरोबर सूत आलं.

ग्रीसनं काळं झालेलं सूत. सात वेढे. शेवटी ती बारीक गाठ.

मी दुसरा नट काढला. सूत. तिसरा. सूत. सोळाच्या सोळा नट मी काढले आणि प्रत्येकाखाली सात वेढे होते. बाहेर ढोल वाजत होते. मी चिखलात उताणी पडून त्या सुतांकडे बघत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

बाहेर आले तेव्हा माझ्या मुठीत सूत होतं. आप्पांनी मुठीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

हत्तीचे आठही पाय जमिनीला लागले. मी खडूनं चराच्या अलीकडे एक रेघ ओढली. पावलाचा तळ सहा इंचांचा, दोन पावलांमध्ये फूटभर मोकळी जागा. पहिलं पाऊल बरोबर रेघेवर पडलं, तर चर त्या मोकळ्या जागेत सापडणार होता. मी चौघांना पहारी लावून हत्ती रेघेवर आणायला लावला आणि आतल्या दोघांना ओरडून सांगितलं, "फिरवा! सावकाश!"

पाय उचलला. पुढे आला. धप्प. चराच्या अलीकडे. दुसरा उचलला, चरावरून गेला, धप्प, पलीकडे. काठाची थोडी माती ढासळली, पण हत्ती तसूभरही कलला नाही. मागचे पाय आले, पुढच्यांच्याच ठशांवर पडले आणि पलीकडे गेले. मग गर्दीनंच मोजायला सुरुवात केली. सात! आठ! नऊ! पायांखाली ठोकलेले जुन्या टायरचे तळवे गुलालात गोल ठसे उमटवत चालले होते. चाळीसला असा जल्लोष झाला की ट्रॅक्टरवरचे लोक खाली उतरून नाचायला लागले. हत्ती थांबलाच नाही.

आणि उत्तमराव? त्यांनी माइक घेतला. "बघितलंत? मुद्दाम! आम्ही मुद्दाम चाकं काढून दाखवली!"

मला हसू आलं. त्या माणसाचा राग करण्यात काही अर्थच उरला नव्हता. माझा राग आता दुसरीकडे वळला होता, आणि तो फार वाईट होता.

आप्पा एका दुकानाच्या पायरीपाशी उभे होते. मी सूत त्यांच्यापुढे धरलं.

"कधी लावलीत?"

"स्पर्धेच्या दिवशी. दुपारच्या सुट्टीत. मालकानं बोलावून घेतलं. म्हनला, पोरीचं साऱ्या गावात हसं हुईल."

"आणि तुम्हाला पटलं?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"माझ्यासमोर बारा पावलं चालला होता आप्पा!"

"शेडात चालला. लोकांत चालंल का, कुनाला ठावं."

"तुम्ही तपासला होतात. एकेक पट्टी तपासली होतीत. नकाशा चुकीचा वाटत होता का? तसं असेल तर सांगा, मी एक शब्द बोलणार नाही."

"न्हाई. नकाशात खोट न्हवती."

"मग सही कशाला केलीत?"

आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि त्या क्षणी ते बोलले असते तर फार बरं झालं असतं.

"तुला बरं वाटावं म्हनून," ते म्हणाले. "नकाशा बरुबर व्हता पोरी. पर तू काढलेला. म्हनून जीव धजंना."

मी सूत त्यांच्या हातात ठेवलं आणि घरी निघून आले. हत्ती नदीपर्यंत गेला, तो मी पाहिलाच नाही.

सोमवारी बोर्डावरचं फडकं नव्हतं. उत्तमरावांनी शब्द पाळला. शंभर लोकांसमोर दिलेला होता, न पाळून सांगतात कुणाला. गोगट्यांनी मला आपली एक पेन्सिल दिली. मी बसले आणि पहिलं काम केलं ते हे की हत्तीचा नकाशा पसरला, अर्धं ब्लेड घेतलं आणि तपासणीच्या चौकोनातली सही खरवडून काढली.

दुपारच्या सुट्टीत आप्पा आले. हात साबणानं धुऊन आले होते. बोटांच्या पेरांत ओल दिसत होती. बोर्डापाशी उभे राहिले.

"नदीपातूर बाजूनं चाललो मी," ते म्हणाले. "नऊशे अकरा पावलं. समदी मोजली." मग खरवडलेल्या चौकोनाकडे बघत म्हणाले, "आता करू सही?"

"नको," मी म्हटलं.

ते बरं म्हणाले आणि गेले.

पुढे वीस वर्षं मी यंत्रं काढली आणि त्यातली कितीतरी आप्पांनी तपासली. खरोखर तपासली: भांडून, चुका दाखवून, दोनदा तर मला रडवून. त्या सगळ्या नकाशांवर त्यांची सही आहे. हत्तीच्या नकाशावर नाही. त्यांनी पुन्हा मागितली नाही आणि मी होऊन दिली नाही. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, एवढं काय त्यात, म्हाताऱ्यानं मायेपोटीच केलं. केलं असेल. मालकाची लबाडी मी कधीच विसरून गेले असते. ही माया मला विसरता येत नाही.

तो नकाशा माझ्याकडे आहे. उजेडासमोर धरला की तपासणीच्या चौकोनात कागद पातळ झालेला दिसतो आणि मगदूममधला शेवटचा म अजून वाचता येतो. तीन वर्षं ट्रेसर होते मी, डाग न ठेवता शाई काढायचे. त्या दिवशी हात नीट चालला नाही.